डाव्या पायमोज्यातली चांदी

शेवटी वजनमापे कार्यालयातल्या सर्वांत नाजूक काट्याला सील ठोकावं लागलं. ज्या निरीक्षकाच्या हलगर्जीपणामुळे ते ठोकावं लागलं आणि ज्या निरीक्षकाने ते ठोकलं, ते दोघे एकाच खुर्चीवर बसत, एकाच डब्यातून जेवत आणि एकाच सासूचे जावई होते. पण हे काही घडलंच नाही. कार्यालयाच्या दप्तरात तशी नोंद नाही, आणि ज्याची नोंद नाही ते घडलेलं नसतं, या तत्त्वावर निरीक्षकांची अकरा वर्षांची नोकरी उभी आहे. तेव्हा आपणही ते विसरून जाऊ आणि पायमोज्यांपासून सुरुवात करू.

पायमोजे सासूबाईंनी दिले. निरीक्षकांचं काम फिरतीचं. दिवसभर बाजार पालथा घालायचा, भाजीवाल्यांचे काटे उलटेपालटे करून बघायचे, पाकिटांवर छापलेलं वजन आणि आतलं वजन यांची गाठ घालून द्यायची. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी बूट काढले की घरात चाललेली संभाषणं आपोआप आवरती घेतली जात. सासूबाई याबद्दल कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त मुलीच्या लग्नाच्या वाढदिवशी, सगळे नातेवाईक जमलेले असताना, जावयाच्या हातात एक चपटा खोका ठेवला आणि चष्मा घरी राहिलाय, त्यावर काय लिहिलंय ते जरा मोठ्याने वाचा, असं सांगितलं. जावयाने वाचलं. "नॅनो सिल्व्हर तंत्रज्ञान. पायांची दुर्गंधी निर्माण करणाऱ्या जिवाणूंचा समूळ नायनाट." मागून कोणीतरी टाळी वाजवली. ती कोणाची होती याचा तपास अद्याप लागलेला नाही.

अपमान गिळून निरीक्षकांनी पायमोजे घातले, आणि वाईट गोष्ट अशी की ते खरोखर चालले. तीन दिवस सलग वापरूनही वास नाही. बायकोने स्वतः नाक लावून खात्री केली. बायको शाळेत भूगोल शिकवायची, त्यामुळे घरातली कुठली वस्तू कुठे आहे हे एकट्या तिलाच ठाऊक असायचं, आणि कुठल्या वस्तूला वास येतो याबाबतही तिचा शब्द अखेरचा होता.

घरातलं तिसरं माणूस म्हणजे गोटी. वय अकरा महिने, वजन आठ किलो सातशे ग्रॅम (निरीक्षक ते रोज करत), आणि दुपारच्या झोपेशी जन्मजात वैर. कडेवर, पाळण्यात, खांद्यावर, फिरत्या पंख्याखाली, बंद पंख्याखाली, सगळं करून झालं होतं. एका रविवारी दुपारी ती रांगत धुण्याच्या टोपलीशी गेली, त्यातून डावा पायमोजा उपसून काढला, त्याचं अंगठ्याकडचं टोक तोंडात घातलं आणि जागच्या जागी झोपली. दोन तास दहा मिनिटं. नवराबायको समोरासमोर बसून चहा प्यायले. चहा गरम असतो हे दोघंही विसरले होते, त्यामुळे निरीक्षकांची जीभ भाजली.

त्या दिवसापासून डावा पायमोजा गोटीचा झाला. उजव्यात तिला काडीचा रस नव्हता. निरीक्षक उजव्या पायात नॅनो आणि डाव्यात साधा घालून कामावर जाऊ लागले. त्यांच्या आता एकाच पायाला वास यायचा, आणि ही प्रगती आहे असं घरात सर्वानुमते ठरलं.

दोन आठवडे सुखात गेले. मग आवराआवर करताना तो खोका पुन्हा त्यांच्या हाती लागला, आणि सवयीने त्यांनी तो उलटा केला. सामान्य माणूस खोक्याचा तळ पाहत नाही. निरीक्षकांचं पोटच खोक्यांच्या तळांवर चालतं. खिशातलं मोजपट्टीचं भिंग डोळ्याला लावून त्यांनी सगळ्यात खालची ओळ वाचली. "लहान मुलांच्या तोंडाशी येऊ देऊ नये." अक्षरांची उंची पाऊण मिलिमीटरही भरत नव्हती. नियमाने ती किमान एक मिलिमीटर हवी. निरीक्षक हरखले. इतका निर्विवाद गुन्हा बऱ्याच दिवसांत सापडला नव्हता. त्यांनी वही काढून नोंद केली, तारीख घातली, सही केली, आणि सही केल्यावर त्यांना त्या ओळीचा अर्थ लागला. मधल्या दहा सेकंदांची त्यांना पुढे बरेच दिवस लाज वाटत राहिली.

आत गोटी झोपली होती. पायमोज्याचं टोक तिच्या गालाशी ओलं होऊन पडलं होतं.

वरच्या मजल्यावर रसायनशास्त्राचे निवृत्त मास्तर राहत. त्यांच्याकडे काही विचारायला येणारं माणूस गेल्या चार वर्षांत पहिल्यांदाच आलं होतं, त्यामुळे त्यांनी दाराची कडी आतून लावून घेतली. नॅनो म्हणजे काय, तर मीटरचे शंभर कोटी तुकडे करा आणि त्यातला एक घ्या. केस घ्या आणि उभा चिरा, ऐंशी हजार वेळा. निरीक्षकांचा हात नकळत स्वतःच्या डोक्याकडे गेला, तिथे एवढी उधळपट्टी परवडण्यासारखी नव्हती. मास्तरांचं म्हणणं असं, की चांदीची वाटी निरुपद्रवी असते, पण तीच चांदी इतकी बारीक केली की तिचा स्वभाव बदलतो. ती जिथे जायला नको तिथे जाऊ शकते. ती जंतू मारते हे खरं, पण घामातले जंतू कुठले आणि पोटातले आपल्या उपयोगाचे कुठले, हे तिला कोणी समजावून सांगितलेलं नसतं. म्हणजे गोटीला धोका आहे का, असं निरीक्षकांनी थेट विचारलं. मास्तरांनी डोळे मिटले आणि गोड पदार्थ तोंडात घोळवावा तसा एकच शब्द घोळवला, शक्यता. मग ते खाली निरीक्षकांच्या घरी आले आणि बोट दाखवत फिरले. उन्हाची क्रीम, शक्यता. टूथपेस्ट, शक्यता. भाजी चिरायची फळी, फ्रिजचं आतलं अस्तर, मोबाइलच्या काचेवर मारायचा फवारा, शक्यता, शक्यता, शक्यता. दहा मिनिटांत त्यांनी घरात बसायला जागा ठेवली नाही.

ही फेरी समोरच्या पार्लरवाल्या ताईंनी दारातून ऐकली आणि त्या दुखावल्या, कारण उन्हाची ती क्रीम त्यांनीच विकली होती. आपण स्वतः सहा वर्षं ती चेहऱ्याला लावतोय, बघा काही झालंय का, असं त्या निरीक्षकांना म्हणाल्या. निरीक्षकांनी पाहिलं. इतका वेळ पाहायची गरज नव्हती, हे बायकोने त्यांना नंतर सांगितलं.

मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी गोटीला सगळीकडून तपासलं. पुरळ नाही, पोट मऊ, वजन चढतंय, भूक राक्षसासारखी. मग काळजी करू का नको, असं निरीक्षकांनी विचारल्यावर त्या म्हणाल्या, "खरं सांगू का, यावर पुरेसं कोणालाच माहीत नाही. तोंडात जाऊ नये हे बरं. तो काढून घ्या."

ज्यांना मूल नाही त्यांना हे वाक्य सोपं वाटेल.

डावा खोक्यात बंद केला आणि त्याच्या जागी त्याच रंगाचा साधा पायमोजा ठेवून पाहिला. गोटीने तो हुंगला, बापाकडे एकदा पाहिलं आणि खिडकीबाहेर टाकला. निरीक्षकांनी विचार केला, तिला बहुधा आपला वास हवा असेल. म्हणून साधा पायमोजा तीन दिवस पायातून न काढता वापरला आणि चौथ्या दिवशी तिच्या हाती दिला. गोटी ओकली. तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं, की नॅनोचं सगळं वैशिष्ट्यच त्याला वास नसणं हे आहे. म्हणजे लेकीला बापाचा पायमोजा हवा होता, पण त्यात बाप नको होता. हा निष्कर्ष त्यांनी वहीत लिहिला, पण त्याखाली सही केली नाही.

पाच दिवस गोटी दुपारची झोपली नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्यांनी भिंत ठोकली, चौथ्या दिवशी ते स्वतः आले, आणि पाचव्या दिवशी त्यांनीच खोक्यातून डावा पायमोजा काढून गोटीच्या हातात दिला आणि हे आमच्याकडून झालेलं नाही, असं म्हणून ते निघून गेले.

तेव्हा निरीक्षकांनी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. चाळीस मिनिटं सनई ऐकल्यावर एका मुलीचा अत्यंत आनंदी आवाज आला.

"सर, आमची चांदी पन्नास धुण्यांपर्यंत टिकते."

"आणि पन्नास धुण्यांनंतर?"

"नंतर सर तुम्ही नवीन जोडी घेऊ शकता."

"ते नाही. चांदी जाते कुठे?"

"निघून जाते, सर."

"निघून कुठे जाते?"

मुलीने फोन धरून ठेवायला सांगितलं. पुन्हा सनई. मग ती परत आली आणि वरिष्ठांना विचारून आल्याच्या विश्वासाने म्हणाली, "बाहेर, सर."

दुसऱ्या कोणाला यातून काहीच मिळालं नसतं. निरीक्षकांना मार्ग सापडला. पन्नास धुण्यांत चांदी निघून जाते ना, मग पन्नास वेळा धुवायचं. उरेल तो निव्वळ पायमोजा. आणि चांदी गेली की नाही याची खात्री कशी करायची, हा प्रश्न ज्या माणसाला पडायला नको होता तो नेमका वजनमापे निरीक्षक होता. चांदी गेली म्हणजे वजन घटणार. कार्यालयात मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा दाखवणारा काटा होता. काचेच्या पेटीत, वेगळ्या खोलीत, जिथे आत जाणारा माणूस दारातच श्वास उरकून घ्यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, साहेब यायच्या आधी, पायमोजा काट्यावर चढला. चोवीस ग्रॅम तीनशे बारा मिलिग्रॅम. निरीक्षकांनी आकडा वहीत लिहिला आणि घरी धुलाई सुरू झाली.

गोटीच्या दोन झोपांच्या मध्ये तीन धुणी बसत. एवढ्या मोठ्या यंत्रात एकटा डावा पायमोजा गरगरत राही आणि निरीक्षक काचेतून त्याच्याकडे पाहत. रजेचे दिवस त्यांनी यातच घालवले. यंत्राची घरघर ऐकून इमारतीचे सचिव येऊन गेले, इमारतीत लाँड्री काढायला परवानगी लागते असं बजावून. वरून मास्तरांच्या दोन चादरी आल्या, इस्त्रीसकट मिळतील का अशी विचारणा होती.

दहाव्या धुण्याला बायकोने विचारलं की हे पाणी जातं कुठे. निरीक्षक म्हणाले, बाहेर. बायकोने वहीचं पान उलटून त्यावर एक यंत्र काढलं, मग गटार, मग नदी, मग पाणीपुरवठ्याची टाकी, मग आपला नळ, आणि नळाखाली गोटीची बाटली. मध्ये फक्त चार बाण होते. भूगोल इतका थोडक्यात त्यांना शाळेतही कोणी शिकवला नव्हता.

यंत्र बंद झालं. अकराव्या धुण्यापासून निरीक्षक हाताने धुऊ लागले आणि पाणी बादल्यांत साठवू लागले. प्रत्येक बादलीवर चिकटपट्टी, त्यावर धुण्याचा क्रमांक व तारीख. गॅलरीत नऊ बादल्या झाल्यावर आंघोळीला एक तांब्या उरला, तेव्हा त्यांनी नगरपालिकेला फोन केला. कचरा ओला की सुका, असं पलीकडून विचारण्यात आलं. ओला, पण आत धातू आहे, असं यांनी सांगितलं. मग भंगारात द्या. भंगारवाल्याने बादल्यांचा भाव सांगितला, आतलं पाणी ओतून द्यायच्या अटीवर.

इकडे पायमोज्याचं वजन वाढत होतं. दहा धुण्यांनंतर एकोणचाळीस मिलिग्रॅमनी, वीस धुण्यांनंतर नव्वदने. निरीक्षकांनी वजाबाकी दोनदा तपासली. चांदी जात नव्हती, येत होती. कुठून येत होती, कोणाची येत होती, घरातल्या उरलेल्या शक्यता एकत्र येऊन या एका पायमोज्यात मुक्कामाला तर जमत नव्हत्या? मास्तरांनी आकडे पाहून सांगितलं की साबण, पाण्यातला क्षार, कपड्यांचे तंतू, हवेतला दमटपणा आणि मुलीची लाळ यांचं वजन होतंय, आणि चांदी इतकी थोडी असते की या गर्दीत ती दिसायची नाही. शहाणा माणूस इथे थांबला असता. निरीक्षकांनी तिसाव्या धुण्याचं वजन घेतलं.

त्याच सकाळी शहरातले एक जुने सोनार आपली प्रमाण वजनं वार्षिक तपासणीला घेऊन आले. मखमली खोबणीत बसवलेली नऊ वजनं, आजोबांपासूनची. निरीक्षकांनी पहिलं ठेवलं, जास्त भरलं. पुन्हा ठेवलं, कमी भरलं. एक तास खटपट करून त्यांनी नऊच्या नऊ वजनं बाद केली आणि शिक्का मारला. सोनाराने आयुष्यात पहिल्यांदा पाणी मागितलं आणि ग्लास हातात घेऊनच तो साहेबांच्या खोलीत गेला.

साहेब स्वतः काट्याच्या खोलीत आले. त्यांनी वजन ठेवलं. आकडा पुढेमागे डुलत राहिला. त्यांनी पेटी उघडली, पारडं उचललं आणि चिमट्याने खालून एक करडा धागा बाहेर काढला.

"हे काय आहे?"

"धागा, साहेब."

"कशाचा?"

"पायमोज्याचा."

"कोणाच्या पायमोज्याचा?"

"माझ्या. म्हणजे तसा आता मुलीचा."

साहेबांनी खुलासा मागितला आणि निरीक्षकांनी तो उभ्याने दिला, चांदी, गोटी, पन्नास धुणी, बाण आणि बादल्यांसकट. मग साहेबांनी नियमपुस्तक मागवलं. त्यात काट्यात सापडलेल्या परक्या वस्तूंसाठी दोन रकाने होते, वस्तू कर्मचाऱ्याची असेल तर खात्याची चौकशी, बाहेरच्याची असेल तर फिर्याद. अकरा महिन्यांच्या मुलीवर फिर्याद दाखल करण्याची तरतूद नव्हती. शेवटी देखभालीसाठी काटा बंद, असं ठरलं, सोनाराची वजनं पुन्हा तपासून द्यायची ठरली, आणि सील ठोकायला काट्याचा ताबा असलेल्या अधिकाऱ्याला बोलावण्यात आलं. तो तिथेच उभा होता.

निरीक्षक दाराशी पोचल्यावर साहेबांनी हाक मारली. ते टेबलाखाली वाकून स्वतःच्या पायांकडे पाहत होते. कुठली कंपनी म्हणालात, असं त्यांनी विचारलं. निरीक्षकांनी सांगितलं. साहेबांनी वाकूनच आपला पायमोजा चाचपला. मग म्हणाले, "माझा नातू बूट चावतो."

घरी येऊन निरीक्षकांनी बायकोला सगळं सांगितलं. गोटी पलीकडे झोपली होती. बायको उठून पलंगाशी गेली, तिने गोटीच्या तोंडातून पायमोज्याचं टोक अलगद बाहेर ओढलं आणि ते तिच्या मुठीत सरकवलं. गोटी हललीही नाही.

"हे तू आत्ता केलंस?"

"रोज करते. झोप लागली की ती चोखायची थांबते. पहिल्या दिवसापासून."

"तुला माहीत होतं?"

"अरे, खोका मी पहिल्याच दिवशी वाचला. भिंग नाही माझ्याकडे, डोळे आहेत."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू ते त्याच दिवशी फेकून दिले असतेस. आणि मग मला रुसलेली आई आणि रडणारी गोटी, दोघींना झोपवावं लागलं असतं."

निरीक्षक पलंगाच्या कडेला बसले. झोपेपर्यंतची जी पाच मिनिटं ती रोज चोखत होती, त्यांचं काय, असं त्यांनी हळू आवाजात विचारलं. बायको म्हणाली, ते मलाही माहीत नाही. मग तीही त्यांच्या शेजारी बसली, आणि दोघं बराच वेळ त्या छोट्या मुठीकडे पाहत राहिले. मुठीची उंची, जाडी, वजन, सगळं त्यांना पाठ होतं. आत काय चाललंय ते कळत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात निरीक्षकांच्या तक्रारपत्राला कंपनीचं उत्तर आलं. अक्षरांच्या उंचीबाबतची तक्रार त्यांनी मान्य केली होती, दिलगिरी व्यक्त केली होती, आणि यापुढे ती ओळ सव्वा मिलिमीटर उंचीची छापू असं कळवलं होतं. बाकी प्रश्नांबाबत संबंधितांशी संपर्क साधावा. संबंधित म्हणजे कोण, हे शोधायला निरीक्षकांनी पाच कार्यालयांना पत्रं घातली. आरोग्यवाल्यांनी हा कापडाचा विषय असल्याचं कळवलं, कापडवाल्यांनी रसायनाचा, रसायनवाल्यांनी पर्यावरणाचा, पर्यावरणवाल्यांनी ग्राहकाचा, आणि ग्राहक खात्याने हे प्रकरण मापाशी निगडित असल्याने वजनमापे कार्यालयाकडे वर्ग केलं. ते निरीक्षकांच्याच टेबलावर आलं. त्यांनी आवक क्रमांक घातला.

मग त्यांनी कोरा कागद घेतला. मजकूर त्यांचा, दुरुस्त्या बायकोच्या.

"प्रति, हा विषय ज्यांच्या कार्यकक्षेत येतो ते माननीय अधिकारी (असल्यास).

महोदय, अर्जदाराची मुलगी, घटनेसमयी वय अकरा महिने, हिने एका डाव्या पायमोज्याचे टोक काही आठवडे, दररोज सुमारे पाच मिनिटे चोखले आहे. या काळात चांदीचे किती कण तिच्या पोटात गेले, ते आता कुठे आहेत आणि तिथे काय करत आहेत, हे कृपया लेखी कळवावे. उत्तरात 'शक्यता' हा शब्द आल्यास हरकत नाही, मात्र तो एकाहून अधिक वेळा येऊ नये. दरम्यान उत्पादकास असे आदेश व्हावेत की त्याने त्याच रंगाचा, त्याच विणीचा व तितकाच मऊ एक डावा पायमोजा पुरवावा, जो जंतू मारत नाही, वास घालवत नाही आणि पाय झाकण्यापलीकडे काहीही करत नाही. अर्जदाराची मुलगी लहान असल्याने घाई नाही, पण ती मोठी होण्याआधी उत्तर मिळाल्यास बरे. उत्तर घेऊन येणाऱ्या कर्मचाऱ्याने दुपारी एक ते तीन या वेळेत बेल वाजवू नये, ही नम्र विनंती."